गाठीच्या तळाशी काय होतं?

बेबीआत्या,

काल तुझ्या तेराव्याचा तांदूळ आला. टेम्पोवाला पोतं खांद्यावर घेऊन सरळ स्वयंपाकघराकडे निघाला, तसा मी त्याला ओट्यावरच अडवलं.

"काका, तांदूळ आहे," तो म्हणाला.

"ते पोत्यावर लिहिलंय. पोत्यात आणखी काय आलंय ते कुठे लिहिलंय?"

वाक्य तोंडातून गेलं आणि माझा मीच दचकलो. टेम्पोवाल्यानं माझ्याकडे पाहिलं ते अगदी पंचवटीतले हमाल तुझ्याकडे पाहायचे तसं. म्हातारी देवमाणूस आहे, पण डोक्याचं काही सांगता येत नाही. माझी बायको वर्षा आतून म्हणाली, "ठेवा हो बाहेरच उन्हात. आत्या गेल्यात असं नुसतं म्हणायचं. यांच्यात शिरल्यात त्या."

पोतं दुपारभर उन्हात राहिलं. उघडलं तेव्हा तांदळात सोंडकिडे निघाले. म्हणजे मेल्यावरसुद्धा तूच बरोबर.

भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणतो, "आत्या फार प्रेमळ होत्या हो." मी मान हलवतो. सुतकातल्या माणसानं वाद घालायचा नसतो. पण आपल्या दोघांत सांगतो, तू प्रेमळ वगैरे नव्हतीस. तू संशयी होतीस. दुधावर, पाण्यावर, पाहुण्यांवर, सवलतीच्या दरावर, फार गोड बोलणाऱ्यावर आणि अजिबात न बोलणाऱ्यावरही तुझा संशय. लग्नाची स्थळं आली तेव्हा तू एकेकाला इतके प्रश्न विचारलेस, की शेवटी स्थळांनीच नकार कळवले आणि तू निवांतपणे आपल्या कापडाच्या दुकानाच्या गादीवर जाऊन बसलीस, ती ऐंशी ओलांडेपर्यंत. नाव मात्र बेबी. आणि मी, पन्नाशी केव्हाच उलटलेला विमा एजंट, तुझ्यासाठी पिंट्या. आपल्या दोघांची वयं एकमेकांत मिळवली तर माणूस थेट प्लेगच्या काळात जाऊन पोचतो.

आपलं भांडणही तिथलंच होतं. ते अर्धवट टाकून तू गेलीस, म्हणून हे लिहायला बसलोय.

तुझी गाठ उघडण्याची पद्धत मला जन्मभर हास्यास्पद वाटली. कापडाची गाठ म्हणजे दाबून, तागात शिवून, दोरानं आवळलेला मोठा गठ्ठा. शहाणा दुकानदार ती ट्रान्सपोर्टवरून आणतो, फोडतो आणि माल फळीवर लावतो. तू ती आधी मागच्या गल्लीत उन्हात टाकायला लावायचीस. मग काठीनं चारी बाजूंनी बडवायचीस. मग दोर कापून एकेक थान उचलायचं, झटकायचं, नाकाशी धरायचं, अगदी तळापर्यंत. तळाशी पोचलीस की तागाच्या घड्यांमध्ये बोटं घालून काहीतरी चाचपायचीस. दुकानाजवळच्या कुंडावर बुडी मारून आलेलं गिऱ्हाईक ओल्या अंगानं काकडत पंचा मागतंय, आणि तू त्याला सांगतेयस, "थांबा जरा. माल कधी एकटा प्रवास करत नाही."

हे वाक्य लहानपणी आम्हाला भुताच्या गोष्टीसारखं वाटायचं. मोठेपणी कळलं की तू खरोखरच भुताची गोष्ट सांगत होतीस, फक्त त्यातली भुतं डोळ्यांना दिसत नव्हती. वाचनालयातून तू साथींची पुस्तकं आणायचीस आणि गादीवर बसून गिऱ्हाइकांवर सोडायचीस. रेशमाच्या वाटेनं उंटांच्या पाठीवरून काय आलं? रेशीम आणि पिसवा. जहाजातून धान्याबरोबर काय उतरलं? उंदीर. इटलीतल्या बंदरांत मालाची जहाजं चाळीस दिवस बाहेर उभी करायचे, त्यांच्या भाषेतल्या त्या चाळीसवरून क्वारंटाइन हा शब्द आला. "आणि तेव्हाच्या व्यापाऱ्यांनी त्यावर काय बोंबा मारल्या असतील, विचार कर," असं म्हणून तू मनापासून हसायचीस, स्वतः व्यापारी असून. फिरंगी लोक मिरी न्यायला आले आणि जो रोग ठेवून गेले त्याला आपल्या वैद्यांनी नावच फिरंग ठेवलं. मुलाच्या मुंजीचं कापड घ्यायला आलेल्या एका सज्जन गृहस्थाला तू फिरंग रोग सविस्तर समजावून सांगितलास, ते मी विसरलेलो नाही. तोही विसरला नसेल. पुन्हा काही तो दुकानात आला नाही.

आता सिंहस्थाची तयारी म्हणून रस्ते उकरलेत आणि सगळा बाजार बोटांवर हिशोब करत बसलाय. तू म्हणालीस, "पूर्वी सिंहस्थात दोघांचा धंदा जोरात व्हायचा. कापडवाल्यांचा आणि पटकीच्या साथीचा. दोघांचा माल यात्रेकरू आपणहून गावोगाव पोचवायचे."

मी चिडायचो. "अगं, व्यापार नसता तर तुझ्या जेवणात मिरची नसती, उपासाला बटाटा नसता, आणि हा तिसरा चहा पितेयस तो नसता."

"मी कुठे म्हणाले माल घेऊ नका? उघडून बघा म्हणाले."

"म्हणजे बाहेरून येणारा प्रत्येक माणूस..."

"माणसाचं नाव घेऊ नकोस," तू एकदम कडक व्हायचीस. "रोग परक्यानं आणला, असं आपल्या घरात कुणी म्हणायचं नाही. रोग आणतो तो घाईतला माणूस. ज्याला माल एक दिवस उन्हात ठेवणं परवडत नाही, तो."

तेव्हा मला वाटायचं, म्हातारी तत्त्वज्ञान सांगतेय. आता वाटतं, तू एका विशिष्ट माणसाबद्दल बोलत होतीस.

आपल्या घराण्यात कुठलंही कार्य असो, जेवणं झाली की कुणीतरी माझ्या हातात माईक देतं आणि मी पणजोबांची गोष्ट सांगतो. मुंबईत प्लेग सुरू झालाय. हाँगकाँगकडून जहाजातून आला म्हणतात, बंदरातल्या गोदामांतून शहरात शिरला. माणसं जीव घेऊन मुंबईबाहेर पळतायत, आणि आपले पणजोबा एकटेच उलटे मुंबईकडे निघालेत! (इथे मी हात पसरतो.) घाबरलेल्या एका व्यापाऱ्याकडून ते लुगड्यांची गाठ मातीमोलानं उचलतात, आगगाडीनं नाशकाला आणतात, लग्नसराईत विकून टाकतात आणि त्यातून दुकान उभं राहतं. मग मी आवाज खाली आणतो. "मुंबईहून गाठ आली, आणि आपले दिवस पालटले."

टाळ्या पडतात. पोरंटोरं शिट्ट्या मारतात. आणि पहिल्या रांगेतून तुझा आवाज येतो, "हं."

नुसतं हं. किती वर्षं ते हं ऐकलं मी. एकदा चिडून विचारलंच.

"काय हं?"

"पुढचं सांग की."

"पुढे काय? पुढे दुकान."

"आणि कापड कुठे गेलं?"

"विकलं गेलं."

"ते कळलं. गेलं कुठे?"

मी म्हणालो, गोष्टीत एवढे फाटे फोडले तर टाळ्या कधी वाजवायच्या? तू म्हणालीस, "वाजव बाबा," आणि पान लावायला बसलीस.

मग करोना आला आणि सगळा देश बेबीआत्या झाला. लोक भाजी साबणानं धुऊ लागले, पार्सलं दारात वाळत घालू लागले. तू दुधाच्या पिशव्यांना आंघोळ घालायचीस. नोटाही धुतल्यास आणि अंगणातल्या दोरीवर चिमटे लावून वाळवल्यास. नाशिक रोडच्या छापखान्यात जन्मलेल्या नोटा, माहेरी आल्या तरी त्यांना असं वागवलंस. मला वाटलं, आता तू जिंकल्यासारखी वागशील. तू उलट गप्प होत गेलीस. समोरच्या घरात साथ शिरली, बाहेर पत्रे ठोकले, आणि गल्लीतले सगळे त्या दाराकडे विखारी नजरेनं बघायला लागले. ते लोक बरे झाले, दार उघडलं, तरी नजरा हटेनात. तू खिडकीतून बघत होतीस.

"ते गाव आपल्याकडे असंच बघत असेल," तू पुटपुटलीस.

"कोणतं गाव?"

"काही नाही. दूध धू."

ते गाव. निफाडच्या पलीकडचं. त्याचं नाव आपल्या घरात कुणी घेत नसे. सोयरीक जुळवताना मोठी माणसं फक्त म्हणायची, ते गाव सोडून. का, ते कुणी धड सांगितलं नाही, आणि कुणी विचारलं नाही. एवढा गोष्टीवेल्हाळ मी, घरातली सगळ्यात मोठी गोष्ट माझ्या नाकासमोर झाकून ठेवली होती आणि मी झाकणावर बसून टाळ्या घेत होतो.

आणि माझ्या लेकीनं, सायलीनं नेमका त्याच गावचा मुलगा आणला.

निखिल तुला आवडला होता, हे मला माहीत आहे. कारण तू त्याच्यावर जितका संशय घेतलास तितका परक्यावर कधी घेत नसायचीस. तो द्राक्षांच्या पॅकिंग हाऊसमध्ये कामाला आहे, तिकडून कंटेनर परदेशी जातात, एवढं कळल्याबरोबर तू पुढे सरसावलीस.

"द्राक्षांबरोबर किडे जात नाहीत कशावरून?"

"तपासतात आत्याआजी. एका पेटीत एक किडा सापडला तरी सगळा माल अडकतो."

"आणि ते कंटेनर परत येतात ना? रिकामे?"

"येतात."

"ते कोण तपासतं?"

निखिल थांबला. "त्यांचेही नियम आहेत. पण खरं सांगू? मी स्वतः कधी आत वाकून पाहिलं नाही."

"आता बघ," तू म्हणालीस, आणि त्याला दुसरा लाडू दिलास. आपल्या घरात दुसरा लाडू म्हणजे काय, ते सायलीला कळलं. तिनं माझ्याकडे पाहून डोळे मोठे केले. मग तू सहज विचारलंस, "गाव कोणतं म्हणालास?"

त्यानं सांगितलं. तुझा हात ताटलीवरच राहिला. निखिल गेल्यावर तू एवढंच म्हणालीस, "विचार करते."

"कशाचा विचार?" सायली म्हणाली.

मी तिला ते गाव सोडून हा नियम सांगितला. ती माझ्याकडे बघतच राहिली. "का पण?"

"मोठ्यांना प्लेगच्या काळातलं काहीतरी..."

"बाबा, शंभर वर्षांपूर्वीच्या पिसवांमुळे माझं लग्न अडणार?"

उत्तर तुझ्याकडे होतं, पण तू देत नव्हतीस. आणि तुझा शब्द मोडून सायली लग्न करणार नाही, हे तिनं मला स्पष्ट सांगितलं होतं. दुकानाच्या गादीवर तुझ्या मांडीत बसून मोठी झालेली पोरगी ती.

म्हणून मीच उठलो आणि त्यांच्या गावी गेलो. सायली बरोबर होती. द्राक्षबागेतलं घर, ओट्यावर निखिलची आजी. काटक बाई. निखिलचे आईवडील बोलत होते, पण निकाल आजीचा असणार हे दिसत होतं. मी माझं नेहमीचं सुरू केलं. पंचवटीत आमचं दुकान, पंचे, उपरणी, लुगडी, चार पिढ्यांचं.

आजी म्हणाली, "चार पिढ्यांचं? कुंडाच्या वरच्या अंगाचं?"

"तेच!"

"मंग तुमच्याकडूनच आली की आमच्याकडं गाठ. माझी आजेसासू सांगायची."

आत्या, मला इतका आनंद झाला! आपली गोष्ट एवढ्या लांब पोचलेली. मी खुर्चीत पुढे सरकलो. "काय सांगता! अहो आजी, त्या गाठीनं तर आमचं घर वर आणलं. दिवस पालटले आमचे! मुंबईहून आली, आमच्या पणजोबांनी तुमच्या भागातल्या लग्नांना..."

सायलीनं माझ्या पायावर पाय दिला. मला वाटलं चुकून लागला, म्हणून मी पाय काढून घेतला आणि पुढे बोललो. हात पसरून बोललो.

शेवटी निखिल हळूच म्हणाला, "काका. आजी त्या गाठीबद्दल बोलत नाहीये."

आजीनं दोन बोटं उचलली आणि स्वतःच्या काखेत दाबली.

गाठ. आपल्या भाषेनं दोन्हींना एकच शब्द ठेवला, कापडाच्याही आणि प्लेगात काखेत उठणाऱ्याही. एकच वाक्य, गाठ आली. आपल्या घरात त्यावर टाळ्या पडतात. त्यांच्या घरात ते वाक्य झाल्यावर गप्प बसायचं असतं. आजीनं सांगितलं ते थोडंच होतं. घरात लग्न निघालं म्हणून नाशकातून लुगडी आणली. लग्न झालं. मग उंदीर पडायला लागले. मग गाव उठून रानात झोपड्यांत गेलं, आणि रानातून सगळे परत आले नाहीत. नवरीही आली नाही.

 

घरी आल्यावर तुला सगळं सांगितलं. मला वाटलं तू चिडशील, निदान हं म्हणशील. तू नुसती ऐकत होतीस. मग जे फार आधी विचारायला हवं होतं ते मी विचारलं.

"आत्या, गाठीच्या तळाशी तू काय शोधायचीस?"

"उंदीर."

"सापडला कधी?"

"मला नाही."

मला नाही, म्हणालीस. 'मला'वर जोर देऊन. म्हणजे कुणाला तरी सापडला होता. पणजीनं, म्हणजे तुझ्या आजीनं, तुला लहानपणी मांडीवर घेऊन काहीतरी सांगितलं असणार. मी नाना तऱ्हांनी विचारलं. पणजोबांनी गाठ फोडली तेव्हा आत मेलेला उंदीर होता का? त्यांनी तो पाहिला का? पाहूनही कापड विकलं का? तू भिंतीकडे बघत म्हणालीस, "माझी आजी मरेपर्यंत नव्या लुगड्याला हात लावायची नाही, एवढंच मी सांगू शकते. बाकीचा माझा संशय. मेलेल्या माणसावर आरोप करायला पुरावा लागतो. संशयाला लागत नाही, म्हणून मी आयुष्यभर त्यावरच भागवलं."

पाहिलंस का आत्या, तू साऱ्या जगावर संशय घ्यायचीस असं आम्ही समजत होतो. तू जन्मभर एकाच माणसावर संशय घेत होतीस, आणि तो आपल्या दुकानात हार घातलेल्या फोटोत होता. ते गाव आपण का टाळलं, हेही तेव्हाच समजलं. त्यांचा राग होता म्हणून नाही. त्यांच्याकडून कुणी येईल आणि विचारेल, म्हणून.

"मग सायलीचं काय?" मी विचारलं.

"करा लग्न. मुलगा खरं बोलतो. कंटेनरमध्ये वाकून पाहिलं नाही म्हणाला, तेव्हाच मला पटला. पण आधी त्या आजीला सांग."

"काय सांगू? आपल्याला नक्की काही माहीतच नाही!"

"तेच सांग. आम्हाला संशय आहे म्हणावं, आमच्याच माणसाचा."

मी म्हणालो, लग्न होऊ दे, मग सवडीनं सांगू. जुळत आलेलं मोडेल. तू माझ्याकडे असं पाहिलंस, जसं सवलतीच्या दराकडे पाहायचीस.

"पिंट्या, लोकांना विमा विकताना काय सांगतोस तू? आधीचा आजार लपवला तर?"

"...तर पुढे क्लेम मिळत नाही."

"मग?"

लोकांच्या भीतीवर पोट भरतोस, मी फुकट भिते, असं तू मला नेहमी चिडवायचीस. त्या दिवशी मात्र चिडवलं नाहीस. मी उद्या जातो म्हणालो. मग म्हणालो, द्राक्षांची तोडणी चालू आहे, ते गडबडीत असतील. मग तुलाच ताप भरला. छातीत कफ, डॉक्टर म्हणाले न्यूमोनिया. कुठून आला, हा तुझा पहिला प्रश्न. डॉक्टर म्हणाले, या वयात कुठूनही येतो. तुला ते उत्तर मुळीच आवडलं नाही. दवाखान्यातल्या पलंगावर तू चादरीचं टोक नाकाशी धरलंस आणि मला खुणेनं जवळ बोलावलंस. मी कान खाली नेला. वाटलं, आता पणजीनं सांगितलेलं सांगणार.

"ही कुणी उन्हात घातलीय का, विचार," तू म्हणालीस.

त्यानंतर तू माझ्याशी बोलली नाहीस. पणजीनं काय पाहिलं, ते तुझ्याबरोबर गेलं. मी रागावलोय तुझ्यावर, हे स्मशानातून आल्यापासून कुणाला सांगितलेलं नाही. एवढी वर्षं पहिल्या रांगेत बसून हं म्हणत राहिलीस, एकदा उठून माईक का नाही हिसकावून घेतलास? आणि लगेच वाटतं, बरं झालं. हिसकावला असतास तर मी तीही गोष्ट रंगवून सांगितली असती. उंदराला शेपटी लावली असती, टाळ्या घेतल्या असत्या. तू मला ओळखून होतीस. तू गोष्ट उन्हात टाकून ठेवली होतीस, तिच्यातून काय काय बाहेर पडतंय ते बघत.

आता तुला माहीत नसलेलं सांगतो.

तू गेल्यावर चार-पाच दिवसांनी निखिल आजीला घेऊन भेटायला आला. निखिल सोडला तर त्या गावचं माणूस आपल्या घरात पहिल्यांदाच येत होतं. घर माणसांनी भरलेलं. शेजारच्या काकू, तुझी दुकानातली जुनी गिऱ्हाइकं, सगळी. वर्षानं आजीसाठी सतरंजी झटकून पसरली. आजी बसली, तुझ्या फोटोकडे बघत राहिली. सायली स्वयंपाकघराच्या दारात उभी होती आणि माझ्याकडे बघत होती. मी काय करणार हे तिला कळलं होतं. तिनं मान हलवली नाही, होकारार्थी नाही की नकारार्थी नाही. पोरगी फक्त बघत होती.

"आजी, एक सांगायचंय," मी म्हणालो. हात मांडीखाली दाबून ठेवले, नाहीतर ते पसरले असते. "आम्हाला नक्की माहीत नाही. ज्यांना माहीत होतं त्या गेल्या. पण आमच्या आत्याला संशय होता, आणि आता मलाही आहे, की आमच्या पणजोबांनी ती गाठ फोडली तेव्हा आत मेलेला उंदीर होता. आणि तरी त्यांनी कापड विकलं. तुमच्या घरी."

 इतकं वाईट मी आजवर कधी बोललो नव्हतो. ना सुरुवात, ना शेवट, ना आवाजाचा चढउतार.

आजी म्हणाली, "माहीत हाय."

"माहीत? कसं?"

"कसं म्हंजे? लुगडी निम्म्यानं सोस्त दिली म्हनं. लग्नसराईत कुनी सोस्त देतं का? तवाच इचारायला पायजे होतं आमच्या मान्सांनी. नाय इचारलं. सोस्त मिळालं, घेतलं." तिनं पदर सारखा केला. "अन आमी तरी काय लय सोवळे? गावात मान्सं जाया लागली तवा मरीआईचा गाडा केला. हाळद-कुंकू, लिंबं, सारं भरून वाजवत नेला अन पुढल्या गावाच्या शिवंवर सोडून आले. जा म्हनले बाई तिकडं. आता तिकडं काय मान्सं नव्हती का?"

"मग त्या गावाचं...?"

"म्या त्याच गावची," आजी म्हणाली. "माझा आजा म्हनायचा, त्या गाडा ढकलनाऱ्यांत पोरगी द्यायची नाय. माझ्या बापानं दिली. साठ वरसं नांदले. अजून काय सांगू तुमाला?"

सायली स्वयंपाकघरात गेली. आतून भांडं पडल्याचा आवाज आला. वर्षा उठून तिच्या मागे गेली. मी तिथेच बसून राहिलो, आणि खरं सांगतो, तरीही माझ्या मनात संशय होता. बाई हो म्हणाली की नाही? नाही म्हणाली का? साठ वर्षं नांदले, हे उत्तर आहे की तक्रार? ती घरी जाऊन विचार करते म्हणेल, तुझ्यासारखी, आणि मग कधीच काही कळवणार नाही.

मग सगळे उठले. तुला माहीत आहे, मयताच्या घरातून निघताना कुणी 'येतो' म्हणत नाही. म्हणायचं नसतं. पुन्हा अशा कारणानं यायला लागू नये म्हणून माणसं नुसती मान हलवून चपला घालतात. त्या दिवशीही सगळे तसेच गेले. आजी निखिलचा हात धरून उंबऱ्यापर्यंत गेली, तिथे थांबली, मागे वळली.

"येते," ती म्हणाली.

शेजारच्या काकूंनी तोंडावर हात ठेवला. दारातली दोघं-तिघं जागीच थबकली. निखिल घाबरून कुजबुजला, "आजी, असं नाही म्हणायचं." आजीनं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती माझ्याकडे बघत उभी होती. चुकून बोलून गेली की मुद्दाम, हे मला तिच्या चेहऱ्यावरून कळेना. तू असतीस तर तिला चार प्रश्न विचारले असतेस.

मी विचारले नाहीत, आत्या. तुझ्या सुतकात, सगळ्यांच्या देखत, मी त्या बाईला मोठ्यानं म्हणालो, "या."